चेंडू मिरचीत गेला तर

रनाळ्यात पाहुणा आला आणि त्याने विचारलं, की भारताच्या संघात असलेली तुमची पोरगी कुठे राहते, तर लोक आधी हसतात आणि मग घर दाखवतात. रुपा बर्फावरची हॉकी खेळते, तीही गोलकीपर म्हणून, आणि गाव आहे नंदुरबार जिल्ह्यातलं, जिथे चैत्रात माठातलं पाणीसुद्धा कोमट होतं. तिचा काका हिंमतराव चारचौघांत मांडी ठोकून सांगायचा, "आठे फ्रीजना बर्फ गिलासमा टाकता टाकता पानी व्हई जास, नि आमनी पोर बर्फवर हॉकी खेळस!" मग सगळे खो खो हसायचे. हिंमतरावाला तेवढंच हवं असायचं.

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. पण ही पोर वाट अडवून उभी राहायला कुठे शिकली, ते याच लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ते सोयीस्करपणे विसरूनही गेले होते. ती शिकली मिरचीपुढे.

रुपाचा बाप सुकलाल आणि काका हिंमतराव यांची शेती एकत्र. दिवाळी उलटली की घरामागच्या मोकळ्या जागेत तोडलेली ओली मिरची वाळायला पसरायची. त्या पसाऱ्याला पथारी म्हणतात. बघावं तिकडे लालच लाल, आणि वाऱ्याची झुळूक आली की नवख्या माणसाला शिंकांवर शिंका. पथारीच्या कडेला ट्रॅक्टर उभा करायला सिमेंटचा पट्टा घातलेला होता. गावात तेवढीच एक सपाट जागा, म्हणून पोरांचा खेळ तिथेच चालायचा. रुपाचा भाऊ नवनीत आणि हिंमतरावाचा भाग्येश बाभळीच्या वाकड्या काठीने रबरी चेंडू हाणायचे. चेंडू मिरचीत गेला की शेंगा फुटायच्या, बी सांडायचं आणि हिंमतराव घर डोक्यावर घ्यायचा. त्यावर पोरांनी तोडगा काढला. रुपा सगळ्यांत लहान, त्यातून मुलगी, म्हणजे तिच्या हातात काठी द्यायचा प्रश्नच नव्हता. तिला पथारीपुढे उभं केलं आणि सांगितलं, तू फक्त अडव.

नियम एकच होता आणि तो नवनीतने केला होता. "जो सोडी, तोच लई यी." म्हणजे चेंडू रुपाच्या हातून सुटला तर रुपानेच मिरचीत जाऊन आणायचा, अनवाणी. मिरचीत चालायचीही रीत असते. पाऊल उचलून टाकलं तर शेंग चिरडते, म्हणून पाय जमिनीवरून न उचलता घासत न्यायचे. बायका मिरची उलथवतात त्या अशाच पाय ओढत. संध्याकाळी रुपाच्या पायांची आग आग व्हायची. धनुबाई, तिची आई, तळपायाला तूप चोळता चोळता पोरांना शिव्या घालायची. दुसऱ्या दिवशी रुपा पुन्हा पथारीपुढे हजर. तिला कुणी जबरदस्ती करत नव्हतं. काठीवाले दोघं दमून हात टेकायचे आणि ही मात्र कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बस, इतलंच?" त्या दोन शब्दांत तिला जे सुख मिळायचं ते दिवाळीच्या नव्या कपड्यांतही नव्हतं.

पुढे नंदुरबारच्या शाळेत एका खेळाच्या सरांनी चाकांच्या बुटांवरची हॉकी सुरू केली. गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार होईना. रुपाने हात वर केला. तालुका, जिल्हा, राज्य असं करत करत ती कुठल्या कुठे गेली, आणि एका हिवाळ्यात थेट लडाखच्या शिबिरात पोहोचली. तोवर तिने पाहिलेला बर्फ म्हणजे तोरणमाळला एका थंडीत गवतावर गोठलेलं दव, आणि लग्नातल्या मठ्ठ्यातला. लडाखात गोठलेल्या तळ्यावर पाय ठेवला आणि ती सपशेल आपटली. पुन्हा उठली, पुन्हा आपटली. तिथल्या मुली पोटभर हसल्या. पण गोलच्या चौकटीत शिरल्यावर तिचे पाय आपोआप घासत सरकायला लागले, डावीकडे, उजवीकडे, पाऊल न उचलता. संघाची कर्णधार यांगचेन, लडाखचीच, बघत राहिली. तिने हिंदीत विचारलं, हे कुठे शिकलीस? रुपा म्हणाली, मिरचीत. यांगचेनला वाटलं हे कुठल्या तरी गावाचं नाव असावं.

आता या संघाबद्दल खरं तेच सांगायला हवं. आपल्या देशात बर्फावरची हॉकी म्हणजे मूठभर मुलींचा हट्ट. लडाख, स्पिती, आणि रुपासारख्या दोन-चार भलतीकडून आलेल्या. तळं गोठेल तेवढे दिवस सराव, एरवी चाकांवर. समोर येतात ते देश असे, की तिथली पोरं चालायच्या आधी बर्फावर घसरतात. म्हणजे सामन्याचा निकाल बहुतेक वेळा खेळाआधीच सगळ्यांना ठाऊक असतो. हरणाऱ्या संघात बाकीच्यांना श्वास घ्यायला तरी मिळतो, गोलकीपरला तोही नाही. रुपाकडे एका सामन्यात जेवढे फटके यायचे तेवढे पलीकडच्या गोलकीपरला सगळ्या स्पर्धेत येत नसतील.

ही गोष्ट गेल्या स्पर्धेची. परदेशातलं वाळवंटी शहर, बाहेर नंदुरबारला लाजवील असं ऊन, आणि एका मोठ्या मॉलच्या पोटात बर्फाचं मैदान. शेवटच्या सामन्याआधीच्या सामन्यात रुपाने बरेच फटके अडवले, बरेच सुटले. गोल झाला की ती स्वतः जाळीतून चकती, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतला चेंडूच, काठीने ओढून बाहेर काढायची आणि पंचाच्या पायाशी सरकवायची. तसं करायची गरज नसते, पंच आपली आपण घेतात. पण जो सोडी तोच लई यी, हे अंगात इतकं मुरलेलं की तिला राहवत नसे. संघाच्या व्यवस्थापक बाईंना ते पाहवेना. त्यांना वाटलं, पोरगी खचली. दुसरा डाव चालू असताना त्यांनी रुपाला बाहेर बोलावलं आणि बदली मुलीला आत पाठवलं. रुपा बाकावर बसली ती सामना संपेपर्यंत. ती खचली नव्हती, पण तिला कुणी विचारलंच नाही.

तो सामना रनाळ्यात भाग्येशने ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर लावला होता. निम्मं गाव जमलं होतं. रात्री नवनीतचा फोन आला. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. रुपाने खोदून विचारल्यावर त्याने सांगून टाकलं. तिला बाहेर काढल्याबरोबर हिंमतरावाने भर सभेत टाळी वाजवून म्हटलं होतं, "घ्या! तिले बसाडी दिनं!" आणि लोक हसले होते. आई उठून घरी गेली होती.

रुपाच्या अंगाचा तिळपापड झाला. गोल खाल्ल्याचा टोमणा तिला नवा नव्हता, तो ती कानाआड टाकायची. पण बसवलं हे कसं सहन व्हावं? आजवर पथारीपुढून तिला कुणी हलवलं नव्हतं, तिथून ती उठायची ती अंधार पडला की. दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्यवस्थापक बाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, शेवटच्या सामन्यात मला घ्यायचं असेल तर भोंगा वाजेपर्यंत मी बाहेर येणार नाही. बाई चकित झाल्या. म्हणाल्या, हा हट्ट चालणार नाही, समोरचा संघ स्पर्धेतला सगळ्यांत तगडा आहे, तुला पुन्हा काढायची वेळ आली तर पुढच्या शिबिराला तुझं नाव द्यायचं की नाही याचा मी विचार करीन. रुपा म्हणाली, करा. यांगचेन मागे उभी होती. ती गालात हसली.

शेवटचा सामना सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच रुपाच्या डाव्या हातमोज्याचा पट्टा तुटला. गोलकीपरचा तो हातमोजा म्हणजे सुपाएवढं प्रकरण, त्यानेच चकती झेलायची. सुदैवाने पिशवीच्या तळाशी तिचा जुना हातमोजा होता, चाकांच्या हॉकीच्या दिवसांतला. यांगचेनने तो धावत आणून दिला. रुपाने हात घातला तेव्हा बोटांशी काहीतरी कुरकुरलं. बघायला वेळ कुठे होता, समोरून तिघी सुटल्या होत्या.

ते काय कुरकुरलं ते आता सांगायला हरकत नाही. ती निघाली त्या दिवशी धनुबाईने तिची नजर काढली होती. मीठ, मोहरी आणि आपल्याच पथारीतल्या कडकडीत वाळलेल्या मिरच्या मुठीत घेऊन डोक्यावरून पायापर्यंत ओवाळल्या. मग त्या चुलीत टाकायच्या असतात. पण दारात गाडी हॉर्न वाजवत होती, चूल विझलेली, गॅसवर टाकल्या तर घरभर ठसका. उतरवलेली नजर भलतीकडे टाकायची नाही, ही धनुबाईची पक्की समजूत. समोर पिशवी उघडी होती, त्यात रुपाचा जुना हातमोजा. तात्पुरत्या म्हणून त्या मिरच्या तिने त्यात कोंबल्या, फडकं शोधायला आत गेली, आणि तेवढ्यात नवनीतने पिशवीची चेन ओढून ती गाडीत टाकली. रडारड, पाया पडणं, हळदीकुंकू, यात धनुबाई सगळं विसरून गेली.

परदेशातल्या बर्फावर, लोखंडी जाळीच्या शिरस्त्राणाखाली, रुपा घामाने निथळत होती. घाम हातमोज्यात उतरला, मिरच्यांचा चुरा झाला आणि तळहात पेटला. आधी तिला वाटलं बोट मोडलं. खेळ थांबल्यावर तिने हात बाहेर काढला, तर लालभडक तळवा आणि त्यावर चिकटलेलं बी. तिने वास घेतला आणि क्षणात तिला सगळं समजलं. "माय वं!" ती मोठ्याने म्हणाली. आणि याच गडबडीत, जी चूक घरी पाच वर्षांचं पोरही करत नाही ती तिने केली. शिरस्त्राण वर सारून त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला. घाम ओघळून डोळ्यात गेला.

डावा डोळा गेलाच असं तिला वाटलं. व्यवस्थापक बाई कठड्यापाशी आल्या. डॉक्टर पाण्याची बाटली घेऊन धावले. बदली मुलगी शिरस्त्राण चढवायला लागली. बाई ओरडल्या, रुपा, बाहेर ये! रुपाने मान हलवली. बाई पुन्हा ओरडल्या. रुपाने गोलचा लाल खांब पकडला. होय, बर्फावरच्या हॉकीत गोलचे खांब लाल असतात आणि गोलची रेघही लाल असते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच तिला ते ओळखीचं वाटलं होतं. लाल आहे ते आपल्या मागे आहे, आणि ते राखायचं आहे, एवढं तिला बाकीचं सगळं विसरूनही कळत होतं.

"पाणी नको," ती यांगचेनला हिंदीत म्हणाली. "पाण्याने आग भडकते. तूप आहे का कुणाकडे?"

आता परदेशात, मॉलमध्ये, सामन्याच्या मध्यावर तूप कोण देणार? पण लडाखच्या मुली जगात कुठेही गेल्या तरी आपल्या खारट चहासाठी लोणी बरोबर नेतात. यांगचेनने बाकाकडे हाक मारली आणि कुणाच्या तरी थर्मासच्या पिशवीतून लोण्याचा डबा आला. रुपाने तळहाताला लोणी थापलं, हातमोजा उलटा करून झटकला आणि पुन्हा चढवला. मग वाकून पायाखालचा खरवडलेला बर्फ मूठभर उचलला आणि डोळ्यावर दाबून धरला. पंचाने शिट्टी तोंडाला लावली. "मी उभी आहे," ती पंचाला म्हणाली, कुठल्या भाषेत ते तिलाही नंतर आठवलं नाही. पंचाला अर्थ कळला असावा. यांगचेन बाईंकडे वळून काहीतरी ठासून बोलली. बाईंनी बदली मुलीला खूण केली आणि ती पुन्हा बसली.

त्यानंतर रुपा एका डोळ्याने खेळली. दुसऱ्यातून पाण्याची धार, नाक वाहतंय, हात रसरसतोय. तो ठसका तिला काही परका नव्हता, लहानपणीचे सगळे हिवाळे तिने त्यातच काढले होते. पाय न उचलता ती सरकत राहिली. छातीने अडवलं, गुडघ्याने अडवलं, एकदा तर तोंडावरच्या जाळीने. गोल झाले नाहीत का? झाले. समोरच्या त्या धिप्पाड मुली काय गंमत म्हणून आल्या होत्या! प्रत्येक गोलनंतर रुपाने जाळीत काठी घालून चकती बाहेर ओढली, पंचाकडे सरकवली आणि गुडघे वाकवून पुन्हा उभी राहिली. शेवटी शेवटी समोरची एक मुलगी फटका वाया गेल्यावर वैतागून काठी बर्फावर आपटायला लागली, तेव्हा रुपाच्या ओठांवर जुनेच दोन शब्द आले. बस, इतलंच?

भोंगा वाजला तेव्हा ती चौकटीतच होती. भारत सहा विरुद्ध शून्य असा हरला होता.

खोलीवर आल्याबरोबर फोन वाजला. धनुबाई हुंदके देत होती. टीव्हीवर लेकीने हातमोजा झटकला आणि लाल चुरा बर्फावर पडला, तेव्हा तिला सगळं आठवलं होतं. "पोरी, मन्ही चूक व्हयनी वं! मोजामा मिरच्या ऱ्हाई गयात. मन्हा ध्यानमाच नई ऱ्हायनं!" रुपाने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "माय, नजर उतरनी ना? मी बसनू नई." पलीकडे धनुबाई रडता रडता हसली.

रुपा गावी परतली तेव्हा पथारी अजून पसरलेलीच होती. हिंमतराव मोठा हिशेबी माणूस. टीव्हीवर पुतणी दिसली, आता चार पाहुणे येणार, म्हणून सत्कार त्यानेच ठरवला, आपल्याच पथारीशेजारी, त्याच सिमेंटच्या पट्ट्यावर. खुर्च्या मांडल्या, माईक आणला. शाल-श्रीफळ देऊन झालं आणि माईक हातात आल्यावर त्याला काही राहवलं नाही. "हारनी तरी आमनीच पोर शे," तो म्हणाला. "सहा गोल खाईसन उनी, आज तिले जेवन नको व्हई!" खुर्च्यांमधून हशा उसळला. सुकलाल जमिनीकडे बघत राहिला. धनुबाईचा चेहरा पडला.

रुपाने शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. नारळ आईच्या हातात दिला. चपला काढल्या. मग नवनीतकडे बघितलं. भाऊच तो, त्याला सांगावं लागलं नाही. तो घरात गेला आणि बाभळीची जुनी वाकडी काठी आणि रबरी चेंडू घेऊन आला. रुपाने काठी काकाच्या हातात दिली आणि ती पथारीला पाठ करून उभी राहिली.

"मारा, काका."

हिंमतरावाने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. लोकांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी ओरडलं, मार हिंमतभाऊ! आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार. त्याने धोतराचा सोगा खोचला आणि चेंडू हाणला. रुपाने पायाने थांबवून परत दिला. त्याने पुन्हा हाणला. तिने हाताने झेलला. मागे त्याचीच मिरची होती, म्हणून पहिले काही फटके तो बेताने मारत होता. पण लोक हसायला लागले, आणि यावेळी ते हसू त्याच्या वाट्याचं होतं. मग त्याचं भान सुटलं. त्याने टोपी काढून फेकली आणि दात ओठ खात मारायला लागला. डावीकडे, उजवीकडे, उंच, सरपटी. रुपा पाय घासत सरकत होती आणि चेंडू परत येत होता. तिचा डावा तळहात अजून सोललेला होता, पण तिने तो मागे घेतला नाही.

शेवटी एक चेंडू तिच्या दोन पायांमधून गेला. मिरचीत शिरला, शेंगा फुटल्याचा आवाज आला. हिंमतराव घामाघूम, धापा टाकत, पण काठी वर करून ओरडला, "गया! देखा? गया!" आपलीच मिरची चिरडल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही.

"गया," रुपा म्हणाली. ती वळली आणि अनवाणी पथारीत शिरली. पाऊल न उचलता, पाय घासत, मिरची दोन्हीकडे सारत मध्यापर्यंत गेली, चेंडू उचलला आणि तशीच परत आली. तळपायांची आग सुरू झाली होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तिने ते लपवलंही नाही. चेंडू तिने काकाच्या पायाशी सरकवला, जागेवर गेली, गुडघे वाकवले.

"असंच व्हस, काका. चेंडू जास, मी लई येस, परत उभी ऱ्हास," ती म्हणाली. "आते मारा."

हिंमतरावाने चेंडूकडे पाहिलं, पुतणीकडे पाहिलं, तिच्या लाल झालेल्या पायांकडे पाहिलं. खुर्च्यांमधून कुणी हसलं नाही. त्याने काठी नवनीतच्या हातात दिली, खाली पडलेली टोपी उचलली आणि धनुबाईकडे वळून हळूच म्हणाला, "वहिनी, तिना पायले तूप लई या."

"लई येस," धनुबाई म्हणाली, पण जागची हलली नाही. "आधी तिले खेळू द्या."